असोद्याच्या लग्नातली शेवटची काच

संपादकांचं पत्र आलं, ‘लग्नाचे फोटो काढण्याच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगा,’ तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. सांगून सांगून घसा बसलाय माझा. लढाई संपल्यापासून जळगावात ज्याच्या-त्याच्या गळ्यात डबा-कॅमेरा लोंबतोय, आणि तो गळा घेऊन जो तो माझ्या दुकानाची पायरी चढतो. प्रश्न ठरलेला. ‘काका, कॅमेरा कोणता घेऊ?’ अरे बाबा, कॅमेरा कोणताही घे! आधी पायांचं काय करणार ते सांग. यावर ती मंडळी माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मी चहा मागवतो.

पायांचं म्हणजे असं. लग्नं आपल्याकडे वैशाखात. मांडवात वहाणा घालून जाता येत नाही आणि फोटोवाल्याला मांडवाच्या सावलीत उभं राहून चालत नाही, त्याची जागा बाहेर उन्हात. खानदेशातल्या वैशाखाच्या दुपारी तापलेल्या अंगणात अनवाणी उभं राहून कधी ‘हलू नका’ म्हणून बघा. लोक हलत नाहीत, आपणच नाचतो. पहिली दोन वर्षं माझे निम्मे फोटो या नाचापायी हललेले आले. मग अक्कल आली आणि मी गोणपाटाचा ओला तुकडा बरोबर न्यायला लागलो. पायाखाली टाकायचा, वर उभं राहायचं. एवढी साधी गोष्ट, पण इंग्रजी पुस्तकात कुठे लिहिलेली नाही.

कपड्यांचंही तसंच. मी मुंबईहून फोटोचं शिकून आलो तेव्हा काळा कोट शिवून आणला होता. रुबाब! पहिल्याच लग्नात एका म्हातारीने मला मांडवाच्या दारातच अडवलं. शुभकार्यात काळं घेऊन आलास, कोण मेलं तुझं, म्हणून. मग खाकी शिवला. भुसावळकडच्या एका लग्नात तो घालून गेलो तर मला पोलीस समजून वराकडचे चार जण मागच्या दाराने पसार झाले. त्यांतला एक वराचा सख्खा काका होता, तो लग्न लागल्यावर उगवला आणि फोटोत मी नाही म्हणून माझ्यावरच उखडला. शेवटी बदामी रंगावर आलो. बदामी रंगाला कुणी काही म्हणत नाही. कोटाला खिसे मात्र मोठे हवेत, कारण खाली ठेवलेली वस्तू लग्नघरात परत सापडत नाही.

काळा कोट गेला, पण काळं कापड कुठे जाणार? हल्लीच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी. तिच्या मागच्या बाजूला दुधी काच. डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचं, त्या अंधारात दुधी काचेवर समोरचं चित्र बघायचं, नीट दिसलं की दुधी काच काढून तिथे फोटोची काच बसवायची. कापड काळं नसेल तर काही दिसत नाही. पण दर लग्नात त्यावरून वाद. अखेर माझ्या घरच्यांनी त्याला बाहेरून लाल खणाचं अस्तर लावून दिलं. आत काळं, बाहेर लाल. तेव्हापासून बायका त्यावर हळदकुंकू टाकायला लागल्या, ते भिंगावर उडायचं. म्हणजे सुख नाहीच.

आणि त्या दुधी काचेत चित्र उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. भिंगाचा धर्मच तो. धुळ्याकडच्या एका लग्नात नवरदेवाचे मामा माझी नजर चुकवून कापडात शिरले आणि आतूनच ओरडले, ‘अरे, नवरदेव उलटा शे! बठ्ठा मांडव उलटा शे!’ म्हणजे अख्खा मांडवच उलटा आहे. झालं! नवरीकडच्यांना वाटलं हा अपशकुन, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडच्यांनी काही करणी केली. मी गळ्याच्या शिरा ताणून सांगतोय, मामा, तुम्ही तिकडे उभे राहा, तुम्हीही उलटेच दिसाल. मग मामांना उभं केलं आणि दुसऱ्याने पाहिलं. मग दुसऱ्याला उभं करून तिसऱ्याने. अख्खा मांडव रांगेने कापडात शिरून एकमेकांना उलटं बघून हसत बाहेर आला. तोवर ऊन उतरलं. फोटो एकही नाही. म्हणून सांगतो, लग्नात कॅमेऱ्यापासून पाऊलभरही हलू नका. पाणी प्यायचं तरी तिथेच मागवा.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. एक लग्न मात्र असं आहे की त्याचं हसू येत नाही. त्यातली थोरली माणसं आता राहिली नाहीत आणि जिला बोलायचा अधिकार होता तिने ‘लिहा’ म्हटलं आहे, म्हणून लिहितो.

असोद्याचे तोतारामनाना, चांगली केळीची बागायत असलेले. त्यांच्या धाकट्या मुलीचं, गंगूचं लग्न सावद्याच्या घराण्यात ठरलं. सावद्याची मंडळी मोठी, मानपानाला कडक. नानांनी मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं. मी प्लेटांच्या पेट्या ओल्या पोत्यात गुंडाळून छकड्यातून गेलो. प्लेटा म्हणजे फोटोच्या काचा, एका काचेवर एकच फोटो. छकड्याच्या धक्क्यांनी काही फुटल्या, त्या वजा जाता आठ काचा उरल्या.

मी ओट्यावर कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसलो होतो तेव्हा नानांची बायको, जनाअक्का, ताक घेऊन बाहेर आली. चाळिशीची असेल. ताक ठेवलं, पण जाईना. पदर सावरत उभी राहिली आणि मग म्हणाली,

‘भाऊ, एक सांगू का? नाना नसताना सांगते.’

‘सांगा ना अक्का.’

‘दोन पोरी उजवल्या मी. दोघींच्याबी लग्नात तुयशीले पानी घालत बसली, तोंड फिरवून. मंगयाष्टकं कानानं आयकली, डोयानं काही पाह्यलं नही. आता ही शेवटली हाये. अंतरपाट सरकतो ना, तवाच माही गंगू कशी दिसते, तेवढं मले कागदावर दाखवजा.’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीच्या आईने लग्न लागताना पाहायचं नाही अशी रीत. मंगलाष्टकं चालू असताना तिने तुळशीपाशी मांडवाकडे पाठ करून बसायचं आणि तुळशीला पाणी घालायचं. आईची नजर पडली तर लेकीच्या संसाराला दृष्ट लागते म्हणतात. जिने नऊ महिने पोटात वागवली, तिची दृष्ट! मला या रीतीचा तेव्हाही संताप यायचा, आताही येतो. पण फोटोवाल्याला कोण विचारतो?

‘कागदावर पाह्यलं तं दोस नही ना लागत?’ अक्काने विचारलं.

‘मुळीच नाही,’ मी म्हटलं. जणू काही शास्त्र माझ्या खिशात होतं. आणि शब्द देऊन बसलो.

शब्द दिल्यावर लक्षात आलं की काय देऊन बसलो. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे ऊन गेलेलं. त्या उजेडात माझी काच धरेना. त्यासाठी मॅग्नेशियमची पूड जाळून भडका करायचा. डाव्या हातात पुडीची तबकडी उंच धरायची, उजव्या हाताने भिंगाचं टोपण काढायचं आणि नेमक्या क्षणी तबकडीचा चाप ओढायचा. भडका डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातो. तेवढ्या वेळात समोर जो जसा असेल तसा काचेवर येतो. आधी नाही, नंतर नाही. पुन्हा काढतो म्हणायची सोय नाही, कारण अंतरपाट काही दुसऱ्यांदा सरकत नाही.

आणि त्यात सावद्याचे आबा! नवरदेवाचे चुलते. दुपारी वऱ्हाड उतरल्यापासून या गृहस्थांनी माझ्या नाकी नऊ आणले. ‘ओ फोटोवाले, घोडीसंगं आमचा एक काढा.’ काढला. घोडीने मान हलवली, तर दुसरा काढा. मग बिनघोडीचा. मग व्याही-व्याही. मग आबा आणि त्यांचे साडू, दोघांचं बोलणं बंद होतं, तर दोघांचे वेगवेगळे. मी म्हटलं, आबा, काचा संपतील. तर म्हणाले, मंग आनायच्या ना जास्त! जसं काही असोद्याच्या वाण्याकडे काचा मिळतात. सात काचा दुपार संपायच्या आत गेल्या. आठवी मी तिच्या बंद काळ्या डबीसकट कोटाच्या आत बंडीखाली सरकवली आणि तोंड वर करून सांगितलं, संपल्या. आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललो ते त्या दिवशी, आणि त्याचं मला अजून काही वाटत नाही.

संध्याकाळी समोरच्या घराच्या ओट्यावर कॅमेरा लावला. मध्ये अंतरपाट, अलीकडे-पलीकडे गंगू आणि नवरदेव. उजव्या बाजूला, अंगणाच्या कडेला तुळशीवृंदावन, तिथे अक्का पाठ करून बसलेली, हातात तांब्या. मी मुद्दाम ती बाजू चौकटीबाहेर ठेवली होती. तेवढ्यात आबा आले आणि बरोबर त्या बाजूला येऊन मिशीला पीळ देत उभे राहिले. काचा संपल्या हे त्यांना पटलंच नव्हतं! त्यांना वगळलं असतं तर त्यांनी लग्न थांबवून मला जाब विचारला असता. मी कपाळावर हात मारला, कॅमेरा जरासा उजवीकडे वळवला. तुळस चौकटीत आली, अक्काची पाठही आली.

शेवटचं ‘सावधान’ झालं. टोपण काढलं. अंतरपाट सरकला, अक्षता उडाल्या, मी चाप ओढला. भडका, धूर, बायकांची किंकाळी, माझी एक भुवई साफ जळाली. आबांची घोडी दावं तोडून उधळली आणि आबा तिच्यामागे. पुढचा तासभर ते माझ्या वाटेला आले नाहीत, एवढंच त्या दिवशीचं सुख.

काचा धुवायच्या पहाटे, माठातलं पाणी थंडगार असतं तेव्हा. वैशाखात दुपारी धुवायला घेतल्या तर काचेवरचा लेप विरघळून साबणासारखा हातात येतो. परत आल्यावर पहाटे ती आठवी काच मी सगळ्यांत शेवटी धुतली. सकाळी उन्हात कागदावर पहिली प्रत उमटवली आणि भिंग लावून पाहिली. अशी उतरली होती म्हणून सांगू! अक्षता हवेत, अंतरपाट एका बाजूला लोंबणारा, गंगूची नजर नवरदेवाच्या पायांवर. मी स्वतःवर खूश होऊन दुकानात दोन फेऱ्या मारल्या. मग भिंग उजवीकडे नेलं आणि तसाच खाली बसलो.

आबांच्या खांद्यामागे, तुळशीपाशी, जनाअक्काचा चेहरा होता. पाठ नव्हे, चेहरा! मान पूर्ण वळवून ती मांडवाकडे बघत होती. भडक्याला दचकून वळली म्हणावं तर तेही नाही. दचकायला वेळ लागतो, तोवर भडका विझून गेलेला असतो. ती आधीच वळलेली होती. हातातला तांब्या कलला होता, पाणी तुळशीत पडायचं सोडून तिच्या मांडीवर पडत होतं, आणि तिला पत्ता नव्हता. डोळे भरलेले, ओठ जरासे उघडे, हसतेय की रडतेय कळू नये असे. मी या धंद्यात हजारो चेहरे काढले, ताठ बसवून, श्वास धरायला लावून. असा एकही नाही आला. तो मी काढलाच नव्हता, तो आपसूक आला होता.

प्रत घेऊन मी असोद्याला गेलो. नाना मळ्यात होते. अक्काने हात पदराला पुसून कागद घेतला, दारातल्या उजेडात धरला. गंगूच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग कडेला बोट ठेवून म्हणाली,

‘ही कोन बाई व्हय, रडकी?’

तिने स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. मी सांगितलं. सांगितल्याबरोबर तिच्या तोंडचं पाणी पळालं.

‘भाऊ, मान आपोआप वयली. म्या नही वयवली.’ माझे हात धरायचेच बाकी होते. ‘सावद्याले हा फोटो गेला तं पोरीले जगू देतीन का ते? उद्या तिले काही झालं, पोर नही झालं, तं म्हनतीन, मायनं पाह्यलं. पुसून टाका भाऊ मले.’

मी म्हटलं, कडेने कापून टाकतो. पण कापायचं तर आबा कापले जात होते आणि आबा तर फोटोची वाट बघत होते. मग म्हटलं, एक प्रत तुमच्यासाठी छापून ठेवतो, कुणाला दाखवू नका. तर म्हणाली, कागद घरात राह्यला की कोनाच्या ना कोनाच्या हाती लागतोच. आणि ती आणलेली प्रत माझ्यादेखत चुलीत घातली. गंगूचा चेहरा आधी जळाला, मग तिचा. ज्या फोटोसाठी तिने मला शब्द मागितला होता, तो तिने आपल्या हाताने जाळला. मी ताक न घेता उठलो. चिडलो होतो, तिच्यावर, आबांवर, रीतीवर, स्वतःवर.

घरी येऊन सुरी घेतली. डाग काढायची बारीक सुरी असते आमची. काचेवरचा लेप खरवडला की तिथून ऊन आरपार जातं आणि छापल्यावर ती जागा काळी दिसते. तुळशीची सावली म्हणून खपून जाते. मी अक्काला खरवडून काढलं. आधी डोळे, कारण डोळे तसेच ठेवून बाकीचं खरवडणं मला जमेना. सावद्याला प्रती गेल्या. आबांनी निरोप धाडला, फोटो उत्तम, पण घोडी नाही.

पुढे काही वर्षांनी असोद्यात तापाची साथ आली, तिच्यात अक्का गेली. मला उशिरा कळलं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस दुकानाच्या पायरीशी छकडा थांबला आणि कडेवर पोर घेतलेली बाई आत आली. मी ओळखलं नाही. मुंडावळ्यांशिवाय मी कुठली नवरी ओळखतो!

‘मामा, मी असोद्याची गंगू. मायचा एखादा फोटो हाये का तुमच्यापाशी? नाना म्हने, तिचा कधी काढलाच नही. पन कुठी मागं, कडेले, आली असन तं पाहा ना.’

खरंच होतं ते. तोवर मी काढलेल्या लग्नांच्या फोटोंत बघा, मुलीची आई नाहीच. पुरुष खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर, आणि ती कोठीघरात तांदूळ काढतेय. तिला कुणी बोलावलं नाही, मीही नाही. मी आबांना घोडीसकट दोनदा काढलं आणि जनाअक्काला एकदाही नाही.

नाही म्हणून सांगता आलं असतं. पण मी पेटी उघडून ती काच काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. खरवडलेल्या जागेतून पलीकडचा रस्ता दिसत होता. मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने पोर खाली ठेवलं.

‘म्हंजे तिनं पाह्यलं मले?’

‘पाहिलं. मांडीवर पाणी सांडत होतं तरी तिला शुद्ध नव्हती, इतकं पाहिलं.’

‘अंतरपाट सरकला तवा मी पह्यले तिकडंच पाह्यलं होतं, मामा,’ गंगू म्हणाली. ‘मले तिची पाठच दिसली. मंग मी मान खाली घातली.’

म्हणजे एका क्षणाची चुकामूक झाली होती. लेकीने मान खाली घातली आणि मायने वळवली. ती एवढी वर्षं मायची पाठ मनात घेऊन सावद्याला नांदली, आणि चेहरा माझ्या सुरीखाली गेला. ती रडली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तिचं पोर आम्हा दोघांकडे बघून भोकाड पसरून मोकळं झालं.

मी म्हटलं, गंगू, माझ्याकडे आता काही नाही गं. तर डोळे पुसून म्हणाली, ‘हाच छापा. हाये तसाच.’ मी छापून दिला. सावद्याला तिच्या घरी तो भिंतीवर आहे, मी पाहून आलोय. येणारे-जाणारे नवरा-नवरी बघतात, आबांची मिशी बघतात. गंगू पोरांना उचलून धरते, तुळशीपाशी जो काळा डाग आहे त्यावर त्यांचं बोट ठेवते आणि सांगते, ही तुमची आजी, ती माझ्याकडे बघतेय.

तर मुलांनो, कॅमेरा कोणताही घ्या. आणि कुणी हातापाया पडून पुसून टाका म्हटलं, तर पुसा, माणसाचा संसार मोठा. पण सुरी हातात घ्यायच्या आधी एक प्रत छापा. कुणाला सांगू नका, दाखवू नका, पेटीच्या तळाशी ठेवून द्या. मी ठेवली नाही.